क्वेबेकमध्ये नर्सची नोकरी : नुसती इंग्रजी पुरेल काय?

आपल्या व्यापारी व कारागीर घरांतल्या मुली नर्सिंगची तालीम घेऊ लागल्या आहेत, ही समाधानाची बाब आहे. पुढे परदेशचा विचार निघाला की कॅनडाचे नाव येते. ‘तिथे इंग्रजी चालते’ असे एजंट सांगतो आणि बाप दुकानाचे भांडवल मोडून पैसे भरतो. परंतु मॉन्ट्रियल शहर ज्या क्वेबेक प्रांतात आहे, तिथला हिशेब निराळा आहे.

क्वेबेकची सरकारी भाषा एकटी फ्रेंच आहे. १९७७ च्या भाषा कायद्यातील कलम ३५ प्रमाणे नर्सचा परवाना हवा असेल, तर कामापुरती फ्रेंच आलीच पाहिजे. फ्रेंच माध्यमातून न शिकलेल्यांना सहसा भाषा मंडळाची परीक्षा द्यावी लागते. ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे हे चारही त्यात तपासतात. मॉन्ट्रियलमध्ये जुनी इंग्रजी रुग्णालये आहेत, पण तेथेही ही अट सुटत नाही. कारण परवाना रुग्णालय देत नाही. प्रांताची परिचारिकांची अधिकृत संस्था देते.

बाहेरून आलेल्या पात्र नर्सला एक वर्षाचा तात्पुरता परवाना मिळू शकतो. तो फार तर तीन वेळा वाढतो, तोही मंडळाच्या मंजुरीने आणि परीक्षेला बसल्यावर. आपल्या भाषेत ही उधारीची मुदत झाली. ती संपली की रक्कम चुकवावीच लागते.

शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात १९६९ पासून इंग्रजी व फ्रेंच दोन्ही सरकारी भाषा आहेत. तेथे नर्सच्या परवान्याला दोहोंपैकी एक भाषा चालते. ज्यांना फ्रेंच जमणार नाही, त्यांनी हा रस्ता पाहावा.

हिजाबाबद्दलही विचारणा होते. क्वेबेकच्या २०१९ च्या कायद्याने सरकारी शाळांतील शिक्षक, पोलीस, सरकारी वकील आदींना धार्मिक चिन्हांची मनाई केली. रुग्णालयातील नर्स त्या यादीत नाहीत; मात्र काम करताना चेहरा उघडा ठेवावा लागतो.

पैसे देण्यापूर्वी एजंटला तीन गोष्टी विचाराव्यात : नोकरी कोणत्या प्रांतात? परवाना कायम की तात्पुरता? तुमची भारत सरकारकडे नोंदणी आहे काय? उत्तर तोंडी नको, कागदावर घ्यावे.

मुंबई व पुण्यात आलियाँस फ्राँसेजमध्ये फ्रेंच शिकता येते. घरात उर्दू, बाजारात मराठी आणि कॉलेजात इंग्रजी सांभाळणाऱ्या मुलीला चौथी भाषा अवघड नाही. एजंटच्या फीआधी तिच्या फ्रेंचच्या वर्गाची फी भरावी.