जमिनीत पुरावयाची तार : तांबे की लोखंड?

नागपूर आकाशवाणीचे बाजारभाव ऐकून आम्ही बालाघाटच्या दाणाबाजारात अनेक वर्षे सौदे केले. ज्या मनोऱ्यावरून तो आवाज येई, त्याचे निम्मे काम जमिनीखाली चालते, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.

मध्यम लहरींच्या मनोऱ्याचा विद्युत्प्रवाह जमिनीतून पायथ्याशी परततो. माती ही निकृष्ट वाहक असल्याने तेथून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे तारा पसरून पुरतात. अमेरिकेत ब्राऊन, लुईस व एपस्टाइन यांनी १९३७ साली यासंबंधीची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यानंतर पाव तरंगलांबीच्या १२० तारा हा प्रघात रूढ झाला.

आता व्यापारी हिशेब पाहू. नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्‌झ लहरीची लांबी सुमारे ५१३ मीटर. तिचा चतुर्थांश १२८ मीटर. अशा १२० तारा म्हणजे १५ किलोमीटरांहून अधिक तार! ३ मिलिमीटर जाडीचे तांबे घेतल्यास वजन पावणेदहा क्विंटलांच्या घरात जाते. साहजिकच स्वस्त लोखंडाचा मोह होतो.

परंतु रेडिओचा प्रवाह तारेच्या केवळ पृष्ठभागातून वाहतो. तांब्यात, या लहरीस, मिलिमीटरच्या दशांशाहूनही पातळ थरातून. लोखंड चुंबकीय असल्याने त्यात हा थर आणखी पातळ होतो व विरोध अनेक पटींनी वाढतो. जस्ताचा मुलामा आरंभी उपयोगी पडतो. पुढे ओल त्यास खाते. ॲल्युमिनियम हलके व स्वस्त खरे, परंतु क्षारयुक्त ओल्या जमिनीत ते टिकत नाही. तांब्याचे पुरेसे जाड आवरण असलेली पोलादी तार हा मात्र योग्य मध्यममार्ग होय. प्रवाहास तांबे मिळते आणि चोरास लोभ कमी.

सांध्याविषयी आमचाच अनुभव सांगतो. गोदामातील काट्याच्या अर्थिंगसाठी आम्ही तांब्याच्या पट्टीस जस्ती तार जोडली. तिसऱ्या पावसाळ्यानंतर खणून पाहिले, तो तार सांध्यापाशीच तुटलेली! दोन विजातीय धातू ओलीत एकत्र आले की हीन धातू झिजतो. म्हणून सांधा शक्यतो सजातीय धातूंचा व झाळून पक्का केलेला असावा. नुसत्या कथलाच्या डाखावर विसंबू नये. तार वीतभर खोल पुरली तरी पुरे.

आपल्या जिल्ह्यात मलाजखंड येथे हिंदुस्थान कॉपरचा प्रकल्प १९८२ साली सुरू झाला. तेव्हा तांब्याचे मोल आपणांस निराळे सांगणे नको. पोत्यातील धान्य परखी घालून तपासता येते. पुरलेल्या तारेस परखी लागत नाही. म्हणून तिची पारख पुरण्यापूर्वीच केली पाहिजे.