नर सापळ्यातले, माद्या बोंडातल्या

गुलाबी बोंडअळीचे नर आणि माद्या शेतातून एकाच वाटेने हाती येत नाहीत. कामगंध सापळ्यातली गोळी मादीच्या गंधाची नक्कल करते, म्हणून त्यात नरच अडकतात. मादी हवी असेल तर किडकी बोंडं तोडायची, अळ्या काढायच्या आणि त्यांचे पतंग होईपर्यंत सांभाळायचं. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा, राळेगाव, घाटंजीकडे नमुने जमवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. नर-मादीतला जनुकीय फरक संगणकावर मोजताना मात्र नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

या मोजणीला महत्त्व आहे. बीटी कपाशी भारतात 2002 मध्ये आली, दोन जनुकांचं वाण 2006 मध्ये, आणि तरीही बोंडअळी त्याला पुरून उरली. 2017 च्या हंगामात यवतमाळने बोंडअळीचा उद्रेक पाहिला, आणि फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेलेलेही पाहिले. बीटीला प्रतिकार करणारं जनुक शोधताना एका गटात नर जास्त आणि दुसऱ्यात माद्या जास्त असतील, तर लिंगामुळे आलेला फरक प्रतिकाराची खूण म्हणून गळ्यात पडू शकतो. कारण पतंगांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू.

आमच्या कामात दोन प्रणालींनी एकाच माहितीवर दोन वेगळे आकडे दिले. पहिला प्रश्न आला, ‘खरा कोणता?’ माझ्या मते विचारायचं ते हे, की दोघींनी मोजलं काय? एक उदाहरण कागदावर करून पाहा. जनुकसंचातल्या एका ठिकाणी सगळ्या नरांकडे जनुकाचं एकच रूप आहे, आणि प्रत्येक मादीकडे एक ते रूप व एक वेगळं. नर-माद्यांचे नमुने भरपूर आणि सारख्याच संख्येने असतील तर 1984 च्या वीअर-कॉकरहॅम पद्धतीने एफएसटी, म्हणजे दोन गटांतला जनुकीय फरक सांगणारा आकडा, 0.5 येतो, हडसनच्या पद्धतीनेही 0.5; नेईच्या 1973 च्या सूत्राने मात्र 0.33. तिन्ही हिशेब बरोबर आहेत. प्लिंक या प्रणालीच्या 1.9 आवृत्तीत वीअर-कॉकरहॅम आहे, तर दुसऱ्या आवृत्तीत काही न सांगितल्यास हडसन. व्हीसीएफटूल्स तर एकाच वेळी साधी सरासरी आणि भारित सरासरी अशा दोन संख्या छापतं. विरळ रूपांची ठिकाणं जास्त असली की त्या दोन्हींत मोठं अंतर पडतं.

उणे आकड्यांनाही जपा. झेड आणि डब्ल्यू वगळता इतर गुणसूत्रं मुलगे-मुलींना त्याच आईबापांकडून मिळतात, म्हणून तिथला खरा फरक शून्याच्या आसपासच असतो आणि अंदाज थोडे वर, थोडे खाली पडतात. खाली पडलेल्यांना शून्य केलं की सरासरी आपोआप वर चढते आणि नसलेला फरक दिसू लागतो.

सगळ्यात मोठा धोका मात्र सूत्रात नव्हता. सापळ्यातले नर आणि बोंडातल्या माद्या यांची तुलना केली, तेव्हा फरक झेडवर एकवटला नाही, सगळ्या गुणसूत्रांवर पसरला. मग बोंडातले नर आणि सापळ्यातले नर समोरासमोर ठेवले, तरी तो तसाच राहिला. म्हणजे तो लिंगाचा नव्हताच. सापळ्यात दूरवरून उडून आलेले पतंग येतात. एका शेतातल्या बोंडांत बहीण-भावंडं निघू शकतात. अशा वेळी दोन्ही प्रणालींचे आकडे तंतोतंत जुळले, तरी निष्कर्ष चुकीचाच.

या कामाला बसणाऱ्यांना माझं सांगणं असं:

1. नर आणि माद्या एकाच शेतातून, एकाच वेळी, एकाच पद्धतीने घ्या. मोठ्या अळीच्या पाठीवर आतले गडद वृषण दिसले तर ती नर. बोंडातूनही नर मिळतात.

2. आधी वाचनाची खोली, म्हणजे एकेक ठिकाण किती वेळा वाचलं गेलं ते, तपासा. झेडवर मादीत ती नराच्या निम्मी असायला हवी. मादीचं तिथलं एकच रूप ‘दोन सारखी’ म्हणून नोंदलं गेलं, तर पुढचा सगळा हिशेब बिघडतो. झेडचा हिशेब वेगळा ठेवा.

3. दोन्ही प्रणालींना तीच ठिकाणं, तेच नमुने आणि तीच गाळणी द्या. सूत्राचं नाव, आवृत्ती आणि सरासरीची रीत आकड्याशेजारीच लिहा.

4. सरासरी काढताना अंशांची आणि छेदांची बेरीज वेगवेगळी करून मग भागाकार करा. उणे आकडे तसेच राहू द्या.

5. नर-मादीच्या चिठ्ठ्या अनेकदा आपसांत बदलून तोच हिशेब पुन्हा करा. खऱ्या वाटणीतला फरक त्या गर्दीतून वेगळा उठून दिसला, तरच त्यावर बोला.

नमुन्यांच्या तक्त्यात ‘कसा पकडला’ हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. तो रिकामा राहिला तर नंतर कोणतीही प्रणाली तो भरून देणार नाही, आणि त्या आकड्यांवर कपाशीवाल्याला सल्ला देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.