ओ-रिंगची निवड : माध्यम आधी, माप नंतर

रबरी ओ-रिंग हा यंत्रातील अगदी स्वस्त भाग असला, तरी तो निकामी झाल्यावर होणारे नुकसान त्याच्या किमतीच्या हिशेबात कधीच बसत नाही. तेल वाहून जाते, वायू गळतो, उत्पादन थांबते आणि काही ठिकाणी माणसाच्या जिवावर बेतते. छत्रपती संभाजीनगरसारख्या औद्योगिक शहरात हा धोका अधिकच विचारात घ्यावा लागतो, कारण वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील वसाहतींत वाहनांचे सुटे भाग, औषधे, बिअर आणि अन्नपदार्थ यांचे कारखाने शेजारी-शेजारी चालतात. खनिज तेल, ब्रेक ऑइल, वाफ, द्रावके, अमोनिया आणि दाबाखालची हवा ही सारी माध्यमे एकाच परिसरात वापरली जातात, पण त्यांसाठी लागणाऱ्या बहुतेक रिंगा काळ्या, गोल आणि दिसायला सारख्याच असतात. दुकानात जुनी रिंग दाखवून 'हीच साईज द्या' असे सांगण्याची पद्धत म्हणूनच घातक ठरते. मापाने केवळ रिंग खाचेत बसते, ती टिकते ती मात्र तिच्या रबराच्या जातीमुळे.

रिंग गळती कशी रोखते हे समजले, तर निवडीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. खाचेत बसवताना रिंग थोडी दाबली जाते, त्या दाबामुळे ती दोन्ही पृष्ठभागांना रेटून धरते, आणि आतल्या द्रवाचा वा वायूचा दाब वाढला की ती खाचेच्या एका बाजूस ढकलली जाऊन आणखी घट्ट बसते. ही सारी क्रिया रबराच्या लवचिकपणावर अवलंबून असते. उष्णतेने, रसायनाने किंवा काळाने तो लवचिकपणा गेला की रिंग दाबलेल्या स्थितीतच चपटी राहते. या कायमच्या चपटेपणाला कॉम्प्रेशन सेट म्हणतात आणि सावकाश वाढत जाणाऱ्या गळतीमागे पुष्कळदा तोच असतो.

माध्यम आणि रबर यांच्या नात्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण दुचाकीत सापडते. पुढच्या शॉकअपमध्ये खनिज तेल असते, तेथे नायट्राइल रबर उत्तम चालते. डिस्क ब्रेकमध्ये ग्लायकॉल जातीचे ब्रेक ऑइल असते, तेथे ईपीडीएम हे रबर लागते. नायट्राइलच्या रेणूंत विद्युतभार असमान वाटला गेलेले म्हणजे ध्रुवीय गट असतात, म्हणून खनिज तेल त्यात फारसे शिरत नाही. ईपीडीएम अध्रुवीय असल्याने खनिज तेल आणि त्याच जातीचे रॉकेल-पेट्रोल त्यात सहज मुरते. ब्रेकचे भाग रॉकेलने किंवा पेट्रोलने धुण्याची गॅरेजमधील सवय येथेच अंगलट येते. मास्टर सिलिंडरमधील रबर फुगते, ब्रेक ऑइल टाकीत परत जाण्याचे बारीक छिद्र झाकले जाते, लिव्हर सोडला तरी दाब उतरत नाही आणि चाक जाम होऊ लागते. असा भाग उघडला असता काढलेले रबर मऊ, लिबलिबीत आणि मूळ खाचेत पुन्हा न मावणारे झालेले दिसते. ब्रेकचे भाग ताज्या ब्रेक ऑइलने किंवा त्यासाठीच्या क्लीनरनेच धुवावेत, हा नियम त्यातून निघतो.

महागडे रबर सर्वत्र चालते, हा दुसरा व्यापक गैरसमज आहे. बाजारात व्हायटॉन या व्यापारी नावाने ओळखले जाणारे फ्लोरोरबर सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तेल, इंधन आणि अनेक रसायने सोसते. तरीही औषध कारखान्यात रोज वापरल्या जाणाऱ्या ॲसिटोनमध्ये ते भरमसाट फुगते, तर तुलनेने स्वस्त असलेले ईपीडीएम तेथे तग धरते. टोल्युईनमध्ये नेमके उलटे घडते. एकाच पाइपातून आळीपाळीने दोन्ही द्रावके जात असतील, तर यांपैकी कोणतेही एक रबर पुरत नाही. तेथे टेफ्लॉनचे आवरण असलेली रिंग किंवा अतिमहाग परफ्लोरोरबर यांचाच विचार करावा लागतो. गरम पाणी आणि वाफ यांसाठी ईपीडीएम योग्य ठरते, मात्र त्याला खनिज तेलाचे ग्रीस लावून बसवले तर बसवतानाच बिघाडाची सुरुवात होते. शीतगृहातील अमोनियाच्या यंत्रणेत फ्लोरोरबर वापरू नये. तेथे निओप्रीन हा जुना आणि भरवशाचा पर्याय आहे.

वायूच्या यंत्रणेत आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे वायू रबराच्या अंगातूनही झिरपतो. सिलिकॉन रबरातून तो फार झिरपत असल्याने उष्णता सोसण्याचा त्याचा गुण असूनही वायू रोखण्यासाठी ते सहसा निवडू नये. दुसरी म्हणजे सीएनजीसारख्या सुमारे २०० बार दाबाच्या यंत्रणेत वायू रबरात मुरून बसतो आणि दाब एकदम उतरवल्यास आतल्या आत फुगून रिंगेला फोड आणि चिरा पाडतो. म्हणून तेथे त्यासाठी तपासलेल्या कठीण जातीचेच रबर घ्यावे आणि दाब हळूहळू उतरवावा. तिसरी म्हणजे ऑक्सिजनच्या जोडणीत तेल वा साधे ग्रीस कधीही लावू नये, कारण त्यातून आग लागू शकते. घरगुती गॅस सिलिंडरच्या वाल्वमधील छोटी रिंगही याच कुळातली आहे. ती तडकलेली, चपटी किंवा जागेवर नसलेली आढळल्यास मिळेल तो वायसर न बसवता सिलिंडर बदलून घ्यावा.

तापमानाची दोन्ही टोके तपासणे आवश्यक असते. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मरण पावले. थंडीने ताठरलेली ओ-रिंग रॉकेटचा सांधा वेळेत बंद करू शकली नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या वेळी बर्फाच्या पाण्यात रबराचा तुकडा बुडवून सर्वांसमोर दाखवले. मराठवाड्यात प्रश्न बहुधा उलट्या बाजूचा असतो. मे महिन्यात हवेचेच तापमान ४० अंशांच्या वर जाते, पत्र्याच्या शेडमधील हायड्रॉलिक टाकीतील तेल त्याहून बरेच तापते, आणि सामान्य नायट्राइलची दीर्घकाळची मर्यादा साधारण १०० अंशांची असते. ऊन आणि वेल्डिंग वा मोटारीच्या ठिणग्यांजवळ तयार होणारा ओझोन यांमुळे नायट्राइल न वापरता पडल्या पडल्याही तडकते. म्हणून रिंगा बंद, अपारदर्शक पिशवीत आणि न ताणता ठेवाव्यात.

माध्यम आणि तापमान ठरल्यावर मापाची पाळी येते. स्थिर सांध्यात रिंगेची जाडी साधारण १५ ते ३० टक्के दाबली जावी, सरकत्या दांड्यावर त्याहून कमी. बसल्यावर आतला व्यास ५ टक्क्यांहून अधिक ताणला जाऊ नये आणि रबर फुगण्यास खाचेत मोकळी जागा राहावी. नेहमीच्या कामास ७० शोर कठीणपणा पुरतो. दाब १०० बारच्या आसपास किंवा पुढे गेला की ९० शोरची रिंग किंवा टेफ्लॉनची आधार-रिंग घ्यावी, अन्यथा रबर फटीत घुसून कुरतडले जाते.

खरेदीच्या मागणीपत्रावर मापासोबत रबराची जात, कठीणपणा, माध्यम, किमान-कमाल तापमान आणि दाब लिहावा, पुरवठादाराकडून बॅचचे चाचणी प्रमाणपत्र घ्यावे आणि वेगवेगळ्या जातींच्या रिंगा वेगळ्या कप्प्यांत नावानिशी ठेवाव्यात. शंका असल्यास नमुन्याच्या रिंगेचे वजन, जाडी व कठीणपणा मोजून ती कामाच्याच तापमानाच्या द्रवात तीनेक दिवस ठेवावी आणि पुन्हा मोजावी. द्रावक असल्यास ही चाचणी ज्वलनशील पदार्थ हाताळण्याची सोय असलेल्या प्रयोगशाळेतच करावी. काढलेली रिंगही लगेच फेकू नये. चपटी असेल तर उष्णता किंवा वय, फुगली असेल तर चुकीचे माध्यम, कडा कुरतडली असेल तर जादा दाब किंवा मोठी फट, फोड असतील तर वायूचा दाब झटकन उतरणे, आणि एकाच जागी काप असेल तर बसवतानाचा निष्काळजीपणा, असे निदान तिच्यावरूनच होते. ते न करता त्याच जातीची नवी रिंग बसवली, तर गळती थांबत नाही, केवळ पुढे ढकलली जाते.