सांगितलेले काम बांधापर्यंत नीट पोचावे म्हणून



सुरू लागणीचा हंगाम (15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी) लागला की आमच्या गट ऑफिसात एक तक्रार हमखास येते. "साहेब, गड्याला सांगितलं होतं हो, पण ऐकंल तर शपथ." आम्ही विचारतो, नेमके काय सांगितले होते? उत्तर येते, "हेच की, बेणं औषधात बुडवून लाव."

आता यात औषध किती, पाणी किती, वेळ किती, काहीच आले नाही. गडी ऐकतो, पण न सांगितलेले तो आपल्या अंदाजाने भरून काढतो.

बेणेप्रक्रियेचेच घ्या. 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डॅझिम, त्यात टिपरी 10 ते 15 मिनिटे, ही शिफारस. पण शेतावरचे बॅरल बहुधा 200 लिटरचे. ते काठोकाठ भरले की औषध निम्मे पातळ झाले. म्हणून बॅरलला मोजून निम्म्यावर रंगाची खूण करावी आणि "खुणेपर्यंत पाणी" एवढेच सांगावे. औषध घरीच तोलून पुडी बांधून द्यावी. चिमूट, मूठ, झाकण ही मापे माणसागणिक बदलतात.

पुढे जिवाणू खताची पाळी : 100 लिटर पाण्यात ॲसिटोबॅक्टर 10 किलो व स्फुरद विरघळविणारे जिवाणू सव्वा किलो, टिपरी 30 मिनिटे. घाईत ही दोन्ही कामे एकाच बॅरलात उरकण्याचा मोह होतो. "एकत्र करू नको" एवढे सांगून भागत नाही. "हे जिवाणू जिवंत असतात, औषधाच्या पाण्यात टाकले तर पैसे वाया" असे कारण सांगितले, की गडी स्वतःच दुसरे भांडे मागतो.

टिपरी बुडवायचे काम पुष्कळ ठिकाणी बायका करतात, आणि सूचना मात्र सोसायटीच्या कट्ट्यावर मालकाला दिलेली असते. जिच्या हातात टिपरी आहेत तिलाच सांगा, आणि हातमोजेही तिलाच द्या.

खताच्या बाबतीत घोटाळा मापाचा होतो. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्र, म्हणजे एकरी 100 किलो. हे नत्राचे वजन आहे, युरियाचे नव्हे. युरियात नत्र 46 टक्के. सगळे नत्र युरियातून द्यायचे धरले तर एकरी सुमारे 217 किलो युरिया लागतो. पूर्वी पोते 50 किलोचे होते, 2018 पासून ते 45 किलोचे झाले. जुन्या सवयीने "चार पोती टाक" म्हणणाऱ्याच्या रानात तेवढ्याच शब्दांत 20 किलो युरिया कमी पडतो. गड्याने ऐकले बरोबर, पोतेच बदलले! तेव्हा सूचना किलोत ठरवावी आणि पोत्यांत सांगावी, पोत्यावरचे वजन वाचून.

ऐकणाऱ्याचेही काम आहे. "समजलं का?" म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे. मालकासमोर कोण नाही म्हणेल? त्यापेक्षा "आता पहिल्यांदा काय करणार, सांग बरं" असे विचारावे. शाळेत गुरुजी गणित समजावून झाल्यावर पोराला फळ्यापाशी बोलावतात, तसेच हे. गड्यानेही "मालक, एकरी का सगळ्या रानाला?" असे विचारले तर चिडू नये. त्या एका प्रश्नाने पोती वाचतात.

घरात शाळेत जाणारे पोर असेल तर त्याच्याकडून मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहवून घ्या : तारीख, रानाचे नाव, किती गुंठे, काय, किती. ती खोपीत लावा. मात्र एका चिठ्ठीवर एकच काम. सुरू उसाला नत्र चार हप्त्यांत जाते : लागणीला 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला 40. हे चारही हप्ते लागणीच्या दिवशीच सांगून मोकळे होऊ नये. बांधणीची चिठ्ठी बांधणीच्या आदल्या दिवशी लिहावी. तोवर कदाचित गडीही दुसराच असेल.