‘तुमचं तारण झालं का?’



प्रायश्चित्तकाळ सुरू होतो तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यातल्या अनेक घरांना कुलूप असते. ऊसतोडीला गेलेली माणसे दूर कुठल्या तरी कारखान्याच्या फडावर असतात. तिथे रविवारची मिस्सा मिळेलच असे नाही. पण कोप्यांजवळ एखाद्या दुसऱ्या मंडळीची प्रार्थनासभा भरते आणि आपली माणसे तिथे जाऊन बसतात. पट्टा पडल्यावर ती परत येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर एक प्रश्नही गावात येतो : ‘तुमचं तारण झालं का?’

हाच प्रश्न सोयरिकीतही निघतो. नगरकडच्या पाहुण्यांची मंडळी वेगळी, आपली वेगळी. कधी कधी तो मयताच्या घरीही निघतो, आणि तेव्हा तो फार दुखवतो. ‘आजीने आयुष्यभर जपमाळ केली, पण प्रभूला वैयक्तिक स्वीकारले नव्हते, मग ती कुठे गेली?’ असे रडणाऱ्या नातवंडांना विचारले जाते. या प्रश्नावर चिडू नये आणि हसून तो टाळूही नये. विचारणाराही ख्रिस्ताचे नाव घेणारा आहे. म्हणून आज आपण पाप, प्रायश्चित्त आणि तारण हे तीन शब्द नीट समजून घेऊ.

एक शब्द, दोन अर्थ

निम्मा घोटाळा आपल्या भाषेतच आहे. ‘तारण’ म्हणजे बुडणाऱ्याला तारणे. पण बाजारात ‘तारण’ म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू. सोनेतारण कर्ज आपल्याला चांगलेच माहीत आहे. ‘प्रायश्चित्त’ या शब्दाचेही तसेच. येशूने क्रुसावर आपल्या पापांसाठी जे केले त्याला मराठी बायबलमध्ये प्रायश्चित्त म्हणतात. आणि आपण पापांची कबुली दिल्यावर धर्मगुरू जी प्रार्थना किंवा जे सत्कृत्य करायला सांगतात त्यालाही आपण प्रायश्चित्तच म्हणतो. मग दुसऱ्या मंडळीतला भाऊ विचारतो, ‘येशूने प्रायश्चित्त केले ना? मग तुम्ही पुन्हा कशाला करता? त्याचे अपुरे पडले काय?’ शब्द एक असला तरी गोष्टी दोन आहेत. हे पुढे पाहू.

पाप : कर्ज, आजार की गुलामी?

पवित्र शास्त्र पापाविषयी एकाच भाषेत बोलत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात पाप हे कर्ज आहे (मत्तय १८:२३-३५). येशू स्वतःला वैद्य म्हणतो तेव्हा पाप हा आजार आहे (मार्क २:१७). संत पौल पापाला मालक आणि माणसाला त्याचा गुलाम म्हणतो (रोमकरांस ६). ख्रिस्ती लोकांतले बरेच मतभेद यातली कोणती भाषा पुढे ठेवायची यावरून झाले आहेत.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजाराची भाषा पुढे ठेवतात. आदामापासून आपल्याकडे त्याचा दोष आला नाही. मरण आणि दुबळेपणा आला, असे त्या मानतात. पश्चिमेकडे संत अगस्तीनने (इ. स. ३५४-४३०) मूळपापाची शिकवण विस्ताराने मांडली. सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी ती आणखी कडक केली. पापामुळे माणसाचा स्वभावच पूर्ण बिघडला, असे ते म्हणाले. आपली कॅथोलिक शिकवण अशी : मूळपाप हे आपण केलेले पाप नाही, ते आपल्याला मिळालेली उणीव आहे. माणूस जखमी झाला आहे, पण पूर्ण नासलेला नाही. देवाची प्रतिमा त्याच्यात अजून आहे. मात्र ती जखम तो स्वतःच्या बळावर बरी करू शकत नाही.

आपल्या भाषेत ही सारी कथा चारशे वर्षांपूर्वीच सांगितली गेली आहे. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राशोल येथे छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात उत्पत्ती, आदिमाता-पित्याचे पतन आणि तारणाऱ्याची वाट पाहणे आहे. दुसऱ्यात येशूचे चरित्र आहे. आधी जखम, मग औषध, असा हा क्रम आहे.

क्रुसावर काय घडले?

‘येशू आपल्या पापांसाठी मेला’ हे सर्व ख्रिस्ती एकमुखाने म्हणतात. ‘कसे?’ या प्रश्नावर मात्र चार प्रमुख उत्तरे आहेत.

पहिल्या शतकांतले अनेक आचार्य म्हणत की येशूने स्वतःचे प्राण खंडणी म्हणून देऊन आपल्याला सैतान आणि मरण यांच्या तावडीतून सोडवले. अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीचे आर्चबिशप संत अॅन्सेल्म यांनी ‘देव मनुष्य का झाला?’ या नावाचा ग्रंथ लिहिला. पापाने देवाचा मान हिरावला, ती भरपाई माणसाने करायला हवी, पण ती करण्याची ताकद फक्त देवाकडे आहे, म्हणून देव मनुष्य झाला, असे ते सांगतात. त्यांच्यानंतर आलेले पीटर अॅबेलार्ड म्हणाले की क्रुसावरचे प्रेम पाहून माणसाचे हृदय पाझरते आणि तो देवाकडे वळतो. आणि सुधारकांनी, विशेषतः कॅल्विनने, न्यायालयाची भाषा वापरली : आपल्याला होणारी शिक्षा येशूने आपल्या जागी सोसली.

प्रार्थनासभेत बहुतेक वेळा यातले चौथे उत्तर ऐकायला मिळते. ते शास्त्राला सोडून आहे असे नाही. यशया ५३ मध्ये त्याचा आधार सापडतो. पण ते एकटेच सांगितले तर ऐकणाऱ्याच्या मनात पित्याचे एक विचित्र चित्र तयार होते. आपण ते आपल्याच अनुभवातून पाहू.

ऊसतोडीला जाणारा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेते. हंगामभर दोघे राबतात. तरी हिशेबात बाकी निघते, आणि ती बाकी पुढच्या वर्षी पुन्हा फडावर ओढून नेते. अशा जोडीला कोणी सांगितले की ‘देवाची उचल तुमच्या अंगावर होती, येशूने ती फेडली,’ तर त्यांना ते लगेच समजते. पापाची गुलामी काय असते हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? या उदाहरणात खरेपणा आहे. पण इथेच थांबलो तर देवपिता मुकादम होतो. तो दारात वही घेऊन उभा आहे, पैसे मिळेपर्यंत हटत नाही, आणि मुलाने रक्त दिल्यावरच त्याचा राग शांत होतो, असे वाटू लागते. मग येशूवर प्रेम बसते आणि पित्याची भीती वाटते.

बंधू-भगिनींनो, हे शुभवर्तमान नाही. पित्याने जगावर प्रेम केले म्हणून पुत्राला पाठवले (योहान ३:१६). ख्रिस्तामध्ये देव स्वतःच जगाचा स्वतःशी समेट करीत होता (२ करिंथकरांस ५:१९). येशू मेला म्हणून पिता आपल्यावर प्रेम करू लागला असे नव्हे. पित्याचे आधीपासून प्रेम होते म्हणून येशू आला. उधळ्या पुत्राच्या बापाने वही काढली नाही, तो धावत सुटला (लूक १५:२०). क्रुसावर देव वसुलीला आलेला नाही. तो स्वतः कर्जदाराच्या कोपीत उतरला आहे. वरच्या चारही उत्तरांतले सत्य ख्रिस्तसभा जपून ठेवते, पण ती या एका सत्याच्या उजेडात वाचते.

तारण कधी होते?

आपल्या शेजारच्या अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. मुक्तिफौज १८८२ साली मुंबईत आली. त्यांच्यात बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधी करीत नाहीत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्यानंतर पेंटेकोस्टल सभा वाढल्या. आपले पाहुणे या सगळ्यांत विखुरलेले आहेत. काहींना ते तारणाची तारीख आणि वेळ विचारतात, तर काहींच्या मते ती देवालाच ठाऊक.

या बाबतीत पंडिता रमाबाईंचे जीवन पाहण्यासारखे आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात राहत असताना त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. संस्कारांना फार मान देणारा तो मठ होता. पुढे काही वर्षांनी त्यांना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण प्रत्यक्ष ख्रिस्ताची भेट अजून व्हायची आहे. ती झाल्याचे त्यांनी १९०७ सालच्या आपल्या साक्षीत लिहिले. मग रमाबाईंचे तारण १८८३ साली झाले की नंतर? आम्हाला वाटते, हा प्रश्नच चुकीचा आहे. १८८३ मध्ये बी पेरले गेले आणि नंतर ते उगवले. त्याचे पीकही दिसले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली वाचवून आणल्या आणि दौंड तालुक्यातील केडगावला जे घर उभे केले, त्याचे नाव ‘मुक्ती’ ठेवले. ज्यांना खायला मिळत नव्हते त्यांच्यासाठी भाकरीही मुक्तीचाच भाग होती.

संत पौलही तारणाविषयी तीन काळांत बोलतो. आपले तारण झाले आहे (रोमकरांस ८:२४). आपले तारण होत आहे (१ करिंथकरांस १:१८). आपले तारण होईल (रोमकरांस ५:९-१०). म्हणून ‘तुमचं तारण झालं का?’ असे कोणी विचारले तर नम्रपणे सांगा : ‘येशूने माझे तारण केले आहे, तो ते आजही करीत आहे, आणि तो ते शेवटास नेईल अशी माझी आशा आहे.’ या उत्तरात गर्वही नाही आणि निराशाही नाही.

‘कॅथोलिक लोक कर्मांनी तारण मिळवतात’ असेही आपल्याविषयी बोलले जाते. ते खरे नाही. श्रद्धेची सुरुवातसुद्धा देवाच्या कृपेनेच होते, हे ऑरेंजच्या परिषदेने इ. स. ५२९ मध्ये सांगितले आणि ट्रेंटच्या महासभेने १५४७ मध्ये पुन्हा सांगितले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथोलिक ख्रिस्तसभेने आणि लुथरन मंडळ्यांच्या जागतिक संघाने एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या पुण्याईमुळे नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरील श्रद्धेने देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी नवे करतो, यावर दोघांचे एकमत झाले. मेथडिस्ट मंडळ्या २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ मध्ये त्यात सामील झाल्या. सर्व मतभेद मिटले असे नाही, पण ज्या मुद्यावर साडेचारशे वर्षे भांडण झाले त्याच्या गाभ्याशी आज एकमत आहे. सोयरिकीत तोच मुद्दा घेऊन भांडायचे कशाला?

मग आपण प्रायश्चित्त का करतो?

जक्कयाची गोष्ट आठवा (लूक १९:१-१०). येशू आधी त्याच्या घरी गेला. लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन जक्कयाने त्यानंतर दिले. चौपट देऊन त्याने येशूला विकत घेतले नाही. येशू घरी आला म्हणून त्याचा हात सैल सुटला. हाच क्रम आपल्या प्रायश्चित्त संस्काराचा आहे. क्षमा येशूच्या क्रुसामुळे, फुकट मिळते. धर्मगुरू जे प्रायश्चित्त सांगतात ती क्षमेची किंमत नसते, ते जखम भरून येण्याचे औषध असते.

पुन्हा फडाकडे पाहा. कोणी आपली सारी बाकी फेडली तरी वाकलेली पाठ एका दिवसात सरळ होत नाही. दारूची सवय, उसनवारीची सवय, घरात हात उगारण्याची सवय लगेच सुटत नाही. सुटका झालेल्या माणसाला सुटलेल्या माणसासारखे जगायला शिकावे लागते. कोणाचे बुडवले असेल तर परत द्यावे लागते, कोणाला दुखवले असेल तर त्याच्या दारी जावे लागते. हे शिकण्याचे बळही तोच देतो. येशूचे प्रायश्चित्त अपुरे पडले म्हणून आपण प्रायश्चित्त करीत नाही. ते आपल्या हाडामांसात उतरावे म्हणून करतो.

दोन व्यवहाराच्या गोष्टी

पहिली. फडावरच्या प्रार्थनासभेत देवाचे वचन ऐकण्यात, प्रार्थना करण्यात गैर नाही. पण ‘लहानपणीचा बाप्तिस्मा खोटा, पुन्हा पाण्यात उतरा’ असे कोणी म्हटले तर नकार द्या. बाप्तिस्मा एकच आहे (इफिसकरांस ४:५). पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या नावाने झालेला दुसऱ्या मंडळीतला बाप्तिस्माही आपण पुन्हा देत नाही. तोच मान आपल्या बाप्तिस्म्यालाही हवा.

दुसरी गोष्ट आजीची. ख्रिस्तसभेने अनेकांना संत म्हणून जाहीर केले आहे, पण अमुक माणूस नरकात गेला असे नाव घेऊन तिने आजवर कोणाविषयीही जाहीर केलेले नाही. तो अधिकार आपल्या पाहुण्यांकडेही नाही. क्रुसावरच्या चोराला शेवटच्या घटकेला आश्वासन मिळाले (लूक २३:४३). मग जिने शेकडो संध्याकाळी ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ मरियामातेची मध्यस्थी मागितली, तिची काळजी देव करणार नाही काय? तिच्यासाठी प्रार्थना करा, मिस्सा अर्पण करा आणि मन शांत ठेवा.

कुटुंबात चर्चेसाठी

१. देवपिता म्हटल्यावर आपल्या मनात कोणाचे चित्र येते : वही घेतलेल्या माणसाचे की धावत येणाऱ्या बापाचे?
२. दुसऱ्या मंडळीतल्या पाहुण्यांशी आपण कोणत्या गोष्टींत एक आहोत?
३. या प्रायश्चित्तकाळात कोणाचे काय परत करायचे राहिले आहे?

जे अजून फडावर आहेत त्यांच्यासाठी या आठवड्यात प्रत्येक घरात एक जपमाळ व्हावी, आणि ते परत येतील तेव्हा हे पान त्यांना वाचून दाखवावे, ही विनंती.

प्रभूची शांती आपणा सर्वांबरोबर असो.

आपले धर्मगुरू