सणातला धीर

(द्वितीय वर्ष, कला)

नाताळ जवळ आला की वर्गमित्र मला हमखास विचारतात, "तुमच्यात नाताळाला काय काय असते रे?" चांदणी, करंज्या, नवे कपडे, चर्चमधील उपासना, एवढे सांगून मी वेळ मारून नेत असे. गेल्या वर्षी मात्र आमच्या एका सरांनी निराळाच प्रश्न केला. "सण होऊन गेल्यावर तुमच्या हाती काय उरते?" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले, थोडे उशिराचे, उत्तर होय.

हाती उरतो तो धीर, असे मला वाटते. पण सण माणसाला धीर कसा देतो? सणामुळे दुःखाचा विसर पडतो, असे आपण सहज म्हणतो. ख्रिस्ती सणांचा थोडा अभ्यास केल्यावर आणि घरचे अनुभव आठवल्यावर मला हे म्हणणे अपुरे वाटू लागले. विसर पडलेले दुःख दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभे असते. खरा धीर मिळतो तो आपले रोजचे कष्ट, आपली भाकरी, आपले अपयशसुद्धा चारचौघांसमोर मानाने मांडता आल्यामुळे.

प्रथम नाताळचाच विचार करू. 'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला; त्याचा अर्थ जन्मदिवस. येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत कोठेही दिलेली नाही. २५ डिसेंबर हा दिवस पाळल्याचा उल्लेख चौथ्या शतकात रोम येथे सापडतो. तेव्हा महत्त्व तारखेला नाही, कथेला आहे. आणि लूकने सांगितलेली ती कथा साध्या माणसांची आहे. खानेसुमारीचा हुकूम निघतो म्हणून एका सुताराला गर्भवती मरियेसह परगावी जावे लागते. उतरायला जागा मिळत नाही. बाळाला गव्हाणीत निजवावे लागते. जन्माची पहिली बातमी कळते ती रात्री रानात कळपाची राखण करणाऱ्या मेंढपाळांना.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो, पण तिचा अर्थ मला वडिलांमुळे कळला. आमचे गाव पूर्वीच्या अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. गळीत हंगाम ऐन भरात असतो तेव्हाच नाताळ येतो, त्यामुळे माझ्या आईवडिलांचे बहुतेक नाताळ कोपीतच गेले आहेत. मी आठवीत असताना आजी आणि मी करंज्यांचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. त्या रात्री गाडी भरायची होती, म्हणून उपासना लवकर उरकली. कोपीपुढे कंदील ठेवून मी लूकचा दुसरा अध्याय वाचला. टोळीतील इतर धर्मांची माणसेही येऊन बसली होती. मेंढपाळांचा भाग आला तेव्हा वडील मध्येच म्हणाले, "म्हंजी तेबी रातपाळीलाच होते की!" सगळे हसले. थोड्या वेळाने ती माणसे मोळ्या उचलायला गेली. काम तेच होते, उचलही तेवढीच फिटायची राहिली होती. पण वडील त्या रात्री पद गुणगुणत गाडी भरत होते, हे मला स्पष्ट आठवते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत हा धीर पोचतो कसा? माझी आजी निरक्षर आहे, तरी तिला कितीतरी पदे तोंडपाठ आहेत. याचे श्रेय आपल्या भाषेतील एका जुन्या परंपरेला द्यावे लागेल. इंग्लंडहून आलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या जागी ऐकायला काहीतरी हवे, ही त्या लोकांची गरज स्टीफन्स यांनी ओळखली आणि मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली रायतूर येथे ते छापले गेले. रविवारी व सणांच्या दिवशी ते चर्चमध्ये मोठ्याने वाचले जाई. लोक ते कानांनी शिकले.

पुढे हेच काम रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी केले. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे बरेचसे आयुष्य अहमदनगरला गेले. ख्रिस्ती उपासनेला भारतीय रूप असावे असा त्यांचा आग्रह होता. म्हणून त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांचा आधार घेतला. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंना औपचारिक शालेय शिक्षण मिळाले नव्हते, ही गोष्ट आमच्यासारख्यांना विशेष दिलासा देणारी आहे. टिळकांची पदे आजही मराठी मंडळ्यांत गायिली जातात. माझ्या आजीने टिळकांचे चरित्र वाचलेले नाही. पण जात्यावर, चुलीपुढे, आजाऱ्याच्या उशाशी ती जे गाते त्यात टिळक आहेत. सण वर्षातून एकदा येतो, पद मात्र रोज कामाला येते.

आता मला सर्वांत जवळच्या वाटणाऱ्या सणाकडे वळतो. तो म्हणजे उपकारस्तुतीचा अर्थात कापणीचा सण. गोव्यात ऑगस्ट महिन्यात भाताच्या पहिल्या कणसांना आशीर्वाद देण्याचा सोहळा होतो. आमच्याकडे खरिपाचे पीक घरात आल्यावर लोक बाजरी, मूग, भोपळे, कोंबड्या असे काय काय चर्चमध्ये आणतात. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात.

२०१८ साली आमच्या भागात दुष्काळ पडला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. वडिलांनी वाट्याने केलेल्या जमिनीत बाजरी गुडघ्याएवढीही वाढली नाही. सणाच्या दिवशी आजीने एक अंडे पदरात बांधून घेतले. मला फार लाज वाटली. मी म्हणालो, "एक अंडं काय न्यायचं? त्यापेक्षा जायलाच नको." ती म्हणाली, "आरं, घरात जे हाय तेच न्यायचं. नसलेलं कुठून आणायचं?" चर्चमध्ये मी मुद्दाम तिच्यापासून दूर बसलो.

लिलावात अंड्याची पाळी आली. कोणीतरी दहा रुपये म्हणाले. बोली वाढत पन्नासपर्यंत गेली. ज्यांनी ते घेतले त्यांनी पैसे भरले आणि अंडे पुन्हा लिलावात ठेवले. दुसऱ्याने घेतले, त्यानेही परत ठेवले. असे चार वेळा झाले. शेवटी पंचांनी हिशेब सांगितला, तेव्हा त्या एका अंड्याचे दोनशे सत्तर रुपये झाले होते. कोणी आजीची कीव केली नाही, कोणी भाषणही केले नाही. आमच्या घरातून आलेली वस्तू आमच्याच गावातल्या, दुष्काळाने तितक्याच पिचलेल्या माणसांनी पुन्हा पुन्हा हातात घेतली, इतकेच. त्यानंतर मी आजीशेजारी जाऊन बसलो.

कोणी म्हणेल, पीक बुडाले असताना उपकार मानणे हा ढोंगीपणा नव्हे काय? हा आक्षेप मलाही पडला होता. पण पवित्र शास्त्रातील स्तोत्रसंहिता पाहिली तर तिचा मोठा भाग विलापाचा आहे. हबक्कूक संदेष्टा तर झाडाला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात जनावर नाही, अशी तोट्याची यादीच आधी मांडतो आणि मगच देवाच्या ठायी आनंद मानतो. उत्तम शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसावरील सात उद्गारांवर मनन होते. त्यांतील एक उद्गार देवाने मला का सोडले, असा प्रश्न आहे. तो प्रश्न उपासनेतून वगळलेला नाही. त्यानंतरच्या रविवारी, ईस्टरच्या पहाटे, अनेक मंडळ्या स्मशानभूमीत जमतात आणि आप्तांच्या कबरींजवळ मेणबत्त्या लावून पुनरुत्थानाची गीते गातात. म्हणजे सण कबर झाकून ठेवत नाही; तिच्याजवळ जाऊनच आशेचा शब्द बोलतो.

सणांत दोषही शिरतात, हे मान्य केले पाहिजे. नाताळच्या कपड्यांसाठी कर्ज काढणारी घरे मी पाहिली आहेत. लिलावात कधी कधी पैशाचे प्रदर्शन होते. कर्ण्याच्या आवाजात पदाचे शब्द हरवतात. सणाने गरिबाची मान खाली जात असेल, तर तो सण आपला हेतू विसरला असे समजावे.

बारावीचा निकाल लागला तेव्हा आमच्या घरी प्रार्थनासभा झाली. आमच्या घरातून महाविद्यालयात जाणारा मी पहिलाच. पाळकसाहेबांनी आजीला साक्ष द्यायला सांगितली. ती उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो आता मला वाचून दाखवील." एवढेच बोलून ती खाली बसली.

त्या वाक्याने माझ्यावर एक जबाबदारी टाकली आहे. शिक्षणाने मला पदरातल्या अंड्याची लाज वाटू लागली, तर ते शिक्षण वाया गेले असे मी समजेन. येत्या नाताळाला मी पुन्हा टोळीवर जाणार आहे. कंदील असेल, करंज्यांचा डबा असेल, आणि गाडी भरायला जाण्यापूर्वी मी तोच अध्याय वाचून दाखवीन. मित्रांपैकी कोणाला यायचे असेल, तर कोपीपुढे जागा पुष्कळ आहे.