तळ्याकाठचे तंबू : शिवणार कोण?

पर्यटन म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांच्या डोळ्यांपुढे लॉज, खानावळ आणि भाड्याची गाडी एवढेच येते. अलीकडे यात आणखी एका धंद्याची भर पडली आहे आणि त्याचा कच्चा माल म्हणजे कापड, दोर, लाकूड आणि कापूस. शहरातील कुटुंबे धरणाच्या काठी तंबूत एक-दोन रात्री राहण्यासाठी येतात. साध्या तंबूतील मुक्कामाला कॅम्पिंग म्हणतात. त्याच तंबूत पलंग, गादी, दिवा, पंखा आणि मागे न्हाणीघर अशी सोय केली की ते ग्लॅम्पिंग होते आणि भाडे त्या मानाने वाढते. मावळात पवना धरणाच्या काठी आणि अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला हा व्यवसाय चांगला रुजला आहे.

नाव नवे असले तरी वस्तू जुनीच आहे. राहुटी, पाल, डेरा, कनात, शामियाना हे सारे शब्द मराठीत शेकडो वर्षे नांदत आहेत. पुण्याच्या फरासखान्याचे नाव तंबू-बिछायत सांभाळणाऱ्या खात्यावरून आले आहे. आपल्या जिल्ह्यात ख्वाजा शमशुद्दीन गाझी यांच्या उरुसात किंवा नळदुर्गच्या खंडोबाच्या यात्रेत मांडव घालणारे, ताडपत्री शिवणारे आणि गाद्या भरणारे हात आजही आहेत. मात्र तयार तंबू बाहेरून आला, तर त्यातील शिलाईची मजुरीही बाहेरच जाते. म्हणून तळ्याकाठी जागा घेऊन तंबू मांडण्यापेक्षा तंबू शिवण्याचा, भाड्याने देण्याचा आणि सांभाळण्याचा धंदा आपल्या कारागिरांनी प्रथम हाती घ्यावा, असे आमचे मत आहे.

याचे कारण इथले पाणी. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात पाहण्याजोगे पाणी आहे. नळदुर्गला बोरी नदी अडवून किल्ल्यात बंधारा घातला आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीन याने तो बांधला. पाऊस चांगला झाला की नर-मादी हे दोन धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात आणि ते पाहायला सोलापूरपासून माणसे येतात. त्याखेरीज परंडा तालुक्यात सीना-कोळेगाव, माकणीला निम्न तेरणा, तेरचे तेरणा धरण आणि धाराशिव शहराजवळचे हातलाई तळे आहे. पण हे पाणी बारमाही नाही. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तर सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात पुराने गावे वेढली. जो आपली सारी पुंजी एका तळ्याच्या काठावर घालतो, त्याच्यापुढे एखाद्या वर्षी उघडा गाळ असतो आणि एखाद्या वर्षी तंबूत पाणी. शिवणाऱ्याचे तसे नाही. इथे पाणी आटले तर त्याचा तंबू सोलापूरला, लातूरला, शेतातल्या कृषी पर्यटनाला किंवा लग्नघरच्या पाहुण्यांना चालतो.

आता प्रत्यक्ष कापडाचा हिशेब पाहू. दहा फूट बाय दहा फुटांचा तंबू घ्या. भिंत साडेपाच फूट, मधला कणा साडेआठ फूट. म्हणजे छपराचा चढ तीन फूट आणि आडवे अंतर पाच फूट. उतरती बाजू पाच फूट दहा इंच भरते. दोन्ही बाजूंचे छप्पर मिळून ११७ चौरस फूट, दोन बाजूच्या भिंती ११०, पुढची-मागची त्रिकोणासह १४०. बेरीज ३६७. बरेच जण इथेच थांबतात आणि मार खातात. आपल्या उन्हात एकेरी छपराचा तंबू दुपारी भट्टी होतो. त्यावर दुसरे छप्पर हवे आणि दोन्हींमध्ये अर्धा ते एक फूट हवा खेळती हवी. स्विस कॉटेज म्हणून जो तंबू प्रसिद्ध आहे त्याचे मर्म हेच. हे वरचे छप्पर चहूबाजूंनी फूटभर बाहेर काढले तर आणखी १६८ चौरस फूट लागतात. एकूण ५३५, शिवण, दुमड, दाराचा पदर यांसाठी शेकडा पंधरा धरले की ६१५ चौरस फूट. चौरस मीटरला ३५० ग्रॅम वजनाचे सुती कॅनव्हास वापरले तर कोरडे कापडच वीस किलो होईल. खांब, वाहतूक आणि उभारणीची माणसे या वजनावरून ठरवावीत.

कॅनव्हास की नायलॉन, हा प्रश्न नेहमी येतो. नायलॉन किंवा पॉलिस्टर हलके, स्वस्त आणि लवकर वाळणारे. पण ते श्वास घेत नाही. थंडीत तळ्याकाठी माणसांच्या श्वासाचे दव आतल्या बाजूने टपकते आणि उन्हाने कापड कुजते. सुती कॅनव्हासचा धागा भिजला की फुगतो आणि सुईची भोके बुजवतो. म्हणून नवा सुती तंबू गिऱ्हाइकाला देण्याआधी एक-दोनदा पूर्ण भिजवून ताणून वाळवावा. शिवण घेताना दोन्ही काठ एकमेकांत अडकवून दुहेरी टाका मारावा आणि छपरावर शिवणीची दुमड उताराच्या दिशेने ठेवावी, नाहीतर पाणी तिथेच साचते. दोर बांधायच्या प्रत्येक ठिकाणी कापडाचे दुहेरी ठिगळ देऊनच पितळी रिंग ठोकावी. तंबू फाटतो तो नेहमी रिंगेजवळ. खालची जमिनीची ताडपत्री भिंतीबाहेर डोकावू देऊ नये. बाहेर राहिलेला काठ छपराचे पाणी गोळा करून गादीखाली आणतो.

मेखांकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मावळातून आलेला तंबू त्याच्याच वीतभर मेखांसह आपल्या काळ्या रानात ठोकला तर पहिल्या वळवाच्या पावसात तो उडणार. काळी माती भिजली की लोण्यासारखी सुटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे हातभर लांबीची लोखंडी मेख हवी. शक्यतो मुरमाड उंचवटाच निवडावा. मेख तंबूपासून बाहेर कललेली ठोकावी. हे काम आपल्या लोहार-वेल्डर बांधवांचे. मेखांचे माप त्यांनी माती पाहून ठरवावे.

पिंजारी-नद्दाफ बांधवांचे कामही मोठे आहे. फोमच्या गादीने त्यांच्या धनुकलीचा आवाज मंदावला, पण अशा मुक्कामाला येणारा माणूस कापसाच्या गादीचे आणि रजईचे कौतुक करतो. अट एकच की गादी जमिनीवर नको. फूटभर उंच लाकडी खाट, वर गादी, त्यावर सोलापुरी चादर. तळ्याकाठची ओल कापसाला दोन रात्रींत जड करते. म्हणून दर तंबूमागे गादीचा एक जादा जोड ठेवावा आणि पाहुणे गेले की गादी उन्हात टाकावी.

आगीची आणि धुराची गोष्ट कडक शब्दांत सांगावी लागते. थंडी वाजते म्हणून तंबूत कोळशाची शेगडी किंवा गॅस हीटर कधीही देऊ नये. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे खोली बंद करून गॅस हीटर लावल्याने केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, झोपेतच दगावले. विषारी वायूला वास नसतो. थंडीला उपाय जादा रजई हाच. तंबूवर सावलीसाठी गवताचे किंवा पत्र्याचे छप्पर घालायचे असेल तर तेही बांधकामच समजावे. मे २०२५ मध्ये वायनाडला असेच छप्पर तंबूवर कोसळून एक तरुणी मरण पावली. वीज कडाडू लागली की उघड्या काठावर लोखंडी खांबाच्या तंबूत कोणालाही थांबू देऊ नये. पाहुण्यांना पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत न्यावे.

जागा मालकाची असली तरी ती कोणाची आहे हे तंबू उभा करण्यापूर्वी विचारावे. धरणाचा काठ बहुधा जलसंपदा खात्याचा असतो, येडशी रामलिंगचे रान वनखात्याचे अभयारण्य आहे आणि नळदुर्गचा किल्ला संरक्षित स्मारक आहे. परवानगीचा कागद नसेल तर माल उचलला जाईल तो तुमचा. कृषी पर्यटनाचे धोरण राज्यात २०२० मध्ये आले. शेतकऱ्याच्या खासगी शेतात, पाणी दिसेल पण पुराची रेषा पोहोचणार नाही अशा जागी तंबू देणे सर्वांत सोयीचे.

जेवणाचे थोडक्यात. उस्मानाबादी शेळीच्या मटणाचे नाव दूरवर आहे आणि भटारखान्याला काम मिळेलच. पण या वाटेने येणाऱ्यांत तुळजापूरचे भाविक आणि कुंथलगिरीचे जैन यात्रेकरूही आहेत. त्यांच्यासाठी शाकाहारी स्वयंपाक, भांडी आणि वाढपी पूर्ण वेगळे ठेवावेत आणि ते आधीच सांगावे. अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणीही करून घ्यावी.

मांडवाचे भाडे दिवसावर ठरते. तंबूचे तसे ठरवू नये. मांडव दोन दिवसांत उतरतो, तंबू महिनोन्‌महिने उन्हात उभा राहतो आणि झिजतो. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचा हंगाम एकरकमी ठरवावा, त्यातील निम्मे आगाऊ घ्यावे. फाटल्यास दुरुस्ती कोणाची, वादळात गेल्यास नुकसान कोणाचे, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, गिऱ्हाईक ओळखीचे असले तरी. शेवटचे कलम उतरवण्याचे असावे : तंबू पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालायची नाही. ओला गुंडाळलेला सुती तंबू दोन दिवसांत बुरशी धरतो. तो डाग धुतल्यानेही सहसा जात नाही आणि पुढच्या हंगामात त्याचे भाडे निम्म्यावर येते.